अरबी समुद्रावरची धूळ उपग्रहातून ओळखायची कशी, आणि समुद्रात पडल्यावर ती करते काय?

आभाळवेडा

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबई, ठाणे, पुणे भागात जे पांढुरकं आभाळ होतं, ते अनेकांना आठवत असेल. थंडी होती, समोरच्या इमारती पुसट झाल्या होत्या, त्यामुळे बरेच जण त्याला धुकं म्हणत होते. ती धूळ होती. पश्चिमी विक्षोभामागून (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी पट्ट्यामागून) सुटलेल्या जोरदार वाऱ्याने पाकिस्तानच्या बाजूची माती उचलली. ती अरबी समुद्रावरून सौराष्ट्राच्या अंगाने खाली आली आणि घाट चढून पुण्यापर्यंत पोचली. आपल्याकडे येण्याआधी हा पट्टा उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावर दिसत होता. ही चित्रं सगळ्यांसाठी खुली आहेत, पण ती वाचायची कशी याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. म्हणून हा धागा.

आधी साधं चित्र घेऊ, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसेल तसं. 'टेरा' आणि 'ॲक्वा' या नासाच्या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे. त्या वर्षी टेरा सकाळी साडेदहाच्या आसपास आणि ॲक्वा दुपारी दीडच्या आसपास आपल्यावरून जात असे. समुद्र काळसर असतो, त्यामुळे त्यावरची मातकट पट्टी लगेच नजरेत भरते. पण हीच धूळ राजस्थान किंवा बलुचिस्तानच्या जमिनीवर असेल तर हरवते, कारण खालची जमीनही त्याच रंगाची. आणि रात्री तर हे चित्र मिळतच नाही.

खरी गंमत अवरक्त किरणांत आहे. जमीन आणि समुद्र रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकतात. ती वर जाताना हवेत धूळ असेल तर धुळीतली सिलिकेट खनिजं त्यातला काही भाग शोषून घेतात. पण सगळ्या तरंगलांबींवर सारखा नाही. १०.८ मायक्रोमीटरच्या आसपास जास्त शोषतात, १२ मायक्रोमीटरला कमी. म्हणून धुळीतून पाहिलं की १०.८ वरचं तापमान १२ वरच्यापेक्षा कमी भरतं. बर्फाच्या विरळ ढगांत बरोबर उलटं होतं. बाष्पातही उलटं होतं. तेव्हा १०.८ च्या तापमानातून १२ चं वजा करायचं. उत्तर ऋण आलं की धुळीचा संशय घ्यायचा.

युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांच्या चित्रात याला ८.७ मायक्रोमीटरची तिसरी तरंगलांबी जोडतात. उघडी वाळू ८.७ ला उष्णता कमी सोडते, म्हणून कोरडं वाळवंट आणि हवेतली धूळ वेगळी काढता येते. हे फरक लाल आणि हिरव्या रंगात, आणि १०.८ चं तापमान निळ्यात भरलं की धूळ गडद गुलाबी दिसते. नवं चित्र दर पंधरा मिनिटांनी. २०२२ च्या जानेवारीत मेटिओसॅट-८ हा ४१.५ अंश पूर्व रेखांशावर होता, आता ४५.५ अंशावर मेटिओसॅट-९ आहे. म्हणजे अरबी समुद्र अगदी त्याच्या समोर. दर पंधरा मिनिटांची चित्रं एकामागून एक लावली की गुलाबी पट्टा कुठून निघाला हे मागे मागे जात शोधता येतं. माझ्या मते या सगळ्या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. वादळ आलं हे तर खिडकीतूनही कळतं. ते नेमक्या कुठल्या जमिनीतून उठलं हे वरूनच कळतं.

आपले इन्सॅट-३डी आणि ३डीआर यांच्यावर १०.८ आणि १२ या दोन्ही तरंगलांबी आहेत, ८.७ नाही. त्यामुळे वजाबाकी जमते, पण वाळवंटावरचा निवाडा तितका स्वच्छ होत नाही.

आता माझा प्रश्न. ही धूळ समुद्रात पडते. तिच्यात लोह असतं, फॉस्फरस असतो. अरबी समुद्रातल्या जीवसृष्टीवर याचा परिणाम उपग्रहातून मोजता येतो का? इथे सागरी जीवशास्त्रातले काही जण आहेत, त्यांनी लिहावं अशी विनंती.

शाळामास्तर

उत्तम धागा. नववीच्या मुलांना दाखवायचं आहे. यासाठी काही विकत घ्यावं लागतं का? शाळेत इंटरनेट आहे, पण यंत्रं जुनी आहेत.

आभाळवेडा

मास्तर, काहीही विकत घ्यावं लागत नाही. नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' नावाचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा, तारीख २२ किंवा २३ जानेवारी २०२२ ठेवा आणि नकाशा अरबी समुद्रावर आणा. तारीख एकेक दिवस पुढेमागे करता येते. आधी मुलांना नुसतं बघू द्या आणि ढग कुठला, धूळ कुठली हे त्यांनाच विचारा. ढगाला कड असते, पोत असतो. धुळीचा पट्टा सपाट, पुसट आणि वाऱ्याच्या दिशेने ओढलेला असतो. त्यानंतर एरोसोलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा, थर चढवा. मेटिओसॅटची गुलाबी चित्रं युमेटसॅट या युरोपीय हवामान-उपग्रह संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. इन्सॅटची चित्रं हवामान विभागाकडे आणि विदा इस्रोच्या 'मॉसडॅक' या संकेतस्थळावर, त्यासाठी नोंदणी करावी लागते.

देवगडचा_तांडेल

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा जो सल्ला येतो, तो उपग्रहाने पाहिलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरून काढतात असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. हवेत धूळ असताना वरून पाण्याचा रंग बरोबर दिसतो का? आणि धूळ पडल्यावर मासळी वाढते असं कुणी म्हणालं तर ते खरं धरायचं का?

सुरंगी

तांडेलदादा, तुमच्या पहिल्या प्रश्नातच या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. सविस्तर लिहिते. माझं शिक्षण सागरी जीवशास्त्रातलं, राहते पणजीजवळ.

उपग्रह समुद्रातलं हरितद्रव्य थेट मोजत नाही. वर पोचलेल्या प्रकाशातला बहुतेक भाग हवेतूनच विखुरलेला असतो, पाण्यातून आलेला प्रकाश त्यात अगदी थोडा. म्हणून आधी हवेचा वाटा वजा करतात आणि उरलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून हरितद्रव्य काढतात. वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, जास्त असतील तर निळा प्रकाश शोषला जातो, पाणी हिरवट दिसतं. पण खनिज धूळही निळा प्रकाश शोषते! हवेचा वाटा वजा करणाऱ्या गणिताला हे शोषण नीट कळलं नाही, तर निळा प्रकाश गरजेपेक्षा जास्त वजा होतो आणि पाण्यात नसलेलं हरितद्रव्य कागदावर दिसायला लागतं. म्हणजे धुळीच्या दिवशी 'समुद्रात बहर आला' असं चित्र निव्वळ हवेतल्या धुळीमुळेही उमटू शकतं. धूळ फार दाट असेल तर तो भाग गाळून टाकतात आणि नकाशात मोकळी जागा राहते. फसवी असते ती विरळ धूळ.

म्हणून धुळीच्या दिवसाचं चित्र पुरावा म्हणून घ्यायचं नाही. आकाश स्वच्छ झाल्यावर, काही दिवसांनंतर काय दिसतं ते पाहायचं. प्लवकांना वाढायला तेवढा वेळ लागतोच.

आता दुसरा प्रश्न. गोव्याला दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या प्रियांका बॅनर्जी आणि एस. प्रसन्न कुमार यांनी अरबी समुद्रात हिवाळी मोसमात धुळीच्या वादळांनंतर अधूनमधून येणाऱ्या प्लवकांच्या बहराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. धूळ बहराला कारण ठरू शकते, असं त्यातून पुढे आलं. पण याला दुसरी बाजू आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून जो कोरडा, थंड वारा येतो तो समुद्राचा पृष्ठभाग गार करतो. गार पाणी जड होऊन खाली जातं, खालचं नायट्रेट असलेलं पाणी वर येतं आणि त्यानेही प्लवक वाढतात. धूळ आणणारा वारा आणि समुद्र घुसळणारा वारा एकच असला, तर श्रेय कुणाला द्यायचं? हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र एरवीही हिरवाच असतो. म्हणून जिथे घुसळण कमी असते आणि तरीही वादळानंतर वाढ दिसते, अशा जागा शोधाव्या लागतात.

आणि मासळी. प्लवक वाढले म्हणजे मासळी वाढलीच असं नाही, कुठले प्लवक वाढले ते महत्त्वाचं. पूर्वी हिवाळ्यात इथे डायाटम नावाचे वनस्पती प्लवक जास्त असत, ते माशांच्या अन्नसाखळीला चांगले. आता बऱ्याच ठिकाणी नॉक्टिलुका माजते. रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात ना, ती हीच. हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस या मूळ गोव्याच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की पृष्ठभागाकडे पसरणाऱ्या कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी या बदलाचा संबंध आहे. नॉक्टिलुका बहुतेक माशांच्या उपयोगाची नाही, तिच्यावर साल्प (पारदर्शक, लिबलिबीत सागरी जीव) आणि जेलीफिश जगतात. साध्या हरितद्रव्याच्या नकाशात दोन्ही हिरवेच दिसतात.

देवगडचा_तांडेल

समजलं. जेलीफिश जाळ्यात येणं आमच्याकडे वाढलंय, त्यामुळे शेवटचा भाग दोनदा वाचला. धन्यवाद ताई.

कुवेतकर

बारा वर्षं कुवेतमध्ये आहे. २०२२ च्या मे महिन्यात इथे एकामागून एक वादळं आली, विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला. इराकमध्ये त्याच महिन्यात एका वादळानंतर हजारो लोकांना श्वासाच्या त्रासासाठी दवाखान्यात न्यावं लागलं. उन्हाळ्यात शमाल नावाचा वायव्येचा वारा दिवसचे दिवस वाहतो. मुलाला दमा आहे, त्यामुळे वादळ निघालं की मी ती गुलाबी चित्रं लावून बसतो. इराकच्या मध्यातून पट्टा निघाला की साधारण किती वेळ हाताशी आहे याचा अंदाज येतो. खिडक्या बंद करणं, औषध जवळ ठेवणं, शाळेत निरोप देणं, एवढं होऊन जातं.

एक गोष्ट पाहून मी अस्वस्थ होतो. चित्रं मागे मागे नेली की धूळ बऱ्याचदा जुन्या वाळवंटातून उठलेली नसते. ती टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातल्या अशा जमिनीतून उठते, जिथे पूर्वी शेती होती किंवा दलदल होती. पाणी संपलं, माणसं गेली, माती उघडी पडली.

नीलपंख

कुवेतकर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदामुळे लिहितोय. मी पक्षी पाहणारा माणूस, पण हिवाळी स्थलांतराचा मागोवा घेताना हामूनच्या सरोवरांपाशी येऊन अडलो.

इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवर सिस्तान नावाचा खोलगट प्रदेश आहे. हिंदुकुशातून येणारी हेलमंद नदी तिथे जाऊन थांबते, समुद्राला मिळत नाही. तिथे हामून नावाची उथळ सरोवरं आणि बोरूची बेटं होती. हजारो पाणपक्षी हिवाळ्यात उतरत, लोक म्हशी पाळत, मासे धरत. इराणने १९७५ सालीच तिथल्या पाणथळ जागा रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत घातल्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडला आणि वरच्या अंगाला पाणी अडवलं जात होतंच. सरोवरं आटली. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची जुनी आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली तर अंगावर काटा येतो. हिरवट निळं पाणी होतं तिथे पांढरी, कोरडी भुई.

आणि तिथेच उन्हाळ्यात जो वारा वाहतो, त्याला 'एकशे वीस दिवसांचा वारा' म्हणतात. सरोवराचा तळ म्हणजे नदीने हजारो वर्षं आणून ठेवलेला बारीक गाळ. पाणी होतं तोवर तो झाकलेला होता. आता वारा तो उचलून पार ओमानच्या आखातापर्यंत आणि अरबी समुद्रापर्यंत नेतो. मोडिसच्या उन्हाळी चित्रांत हामूनच्या कोरड्या तळातून निघणारे झोत वेगवेगळे मोजता येतात. शेजारचं जाबोल शहर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत जगात सर्वांत वर होतं.

युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने १९८४ पासूनच्या लँडसॅट चित्रांवरून जगभरच्या भूपृष्ठावरच्या पाण्याचा नकाशा तयार केला आहे, ३० मीटरच्या बारकाव्याने. त्यात हामून कुठल्या वर्षी भरलं, कुठल्या वर्षी आटलं हे दिसतं. तो नकाशा आणि धुळीची चित्रं एकत्र ठेवली, की ज्या वर्षी थोडंफार पाणी येतं त्या वर्षी कुठले झोत थांबतात हे तपासता येतं. पक्ष्यांसाठी सोडलेलं पाणी जाबोलच्या माणसांच्या छातीवरचा भारही कमी करतं. हे आकड्यांत दाखवता आलं तर पाणथळ वाचवण्याची बाजू किती भक्कम होईल!

आभाळवेडा

नीलपंख, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. नेमकं हेच मनात होतं.

रानगवा

मुद्दाम उलट बाजू मांडतो. सहाराच्या धुळीवर ॲमेझॉनचं जंगल पोसलं जातं, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. धूळ समुद्राला आणि जंगलाला खत देत असेल तर ती थांबवायची भाषा कशाला? निसर्गाची देवाणघेवाण आहे ती.

दूरसंवेदी

रानगवा यांचा प्रश्न रास्त आहे. मी दूरसंवेदन शिकवतो, त्यामुळे आकड्यांसह लिहितो.

ॲमेझॉनची गोष्ट लेसरमुळे मोजता आली. कॅलिप्सो नावाचा उपग्रह २००६ ते २०२३ काम करत होता. तो लेसरचा झोत खाली सोडून परत आलेला प्रकाश टिपत असे, त्यामुळे धूळ किती उंचीवर आहे हे कळे. दुसरं म्हणजे धुळीचे कण वेडेवाकडे असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, बदलतं. धुराचे आणि मिठाचे ओलसर कण गोलसर, त्यांच्यात तसं फारसं होत नाही. या दोन खुणांमुळे धूळ बाकीच्यांतून वेगळी काढता येते. हाँगबिन यू आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २०१३ ची नोंद घेऊन २०१५ साली मांडलं, की दरवर्षी सरासरी १८.२ कोटी टन धूळ आफ्रिकेचा पश्चिम काठ ओलांडते. त्यातली सुमारे २.७७ कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्यासोबत सुमारे २२ हजार टन फॉस्फरस येतो. पावसाने तिथल्या जमिनीतून धुपून जाणारा फॉस्फरस जवळपास तेवढाच आहे.

पण यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. वर्षावर्षात फार फरक आहे. २००७ आणि २०११ मधली तफावत ८६ टक्के होती, आणि आदल्या वर्षी साहेलमध्ये (सहाराच्या दक्षिणेच्या निमकोरड्या पट्ट्यात) पाऊस किती झाला याच्याशी तिचा संबंध दिसतो. सात वर्षांच्या सरासरीवरून कायमचा नियम काढू नये. दुसरं, ही धूळ जिथून येते त्यातली चाड देशातली बोडेलेची खोलगट जागा हजारो वर्षांपूर्वीच्या महाचाड सरोवराचा तळ आहे. तिथली धूळ प्राचीन आहे आणि तिथे कुणाचं शेत उडून जात नाही. हामून किंवा अरल समुद्राचा तळ माणसाच्या हयातीत उघडा पडलाय. अरलच्या तळात मीठ आहे आणि कापसाच्या शेतांतून वाहून आलेली रसायनं आहेत. दोन्हींना 'निसर्गाची देवाणघेवाण' हे एकच नाव देणं मला मान्य नाही.

शिवाय धुळीतलं लोह सगळंच जिवांना मिळत नाही. बहुतांश विरघळतच नाही. प्रवासात आम्लधर्मी प्रदूषणाशी गाठ पडली तर थोडं जास्त विरघळतं. म्हणजे किती धूळ पडली यापेक्षा कुठल्या खनिजाची पडली हे कळायला हवं. त्यासाठी जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 'एमिट' हे उपकरण बसवलं. ते कोरड्या प्रदेशांतल्या मातीचा वर्णपट घेऊन कुठे लोहाची ऑक्साइडं, कुठे चिकणमाती, कुठे जिप्सम हे दाखवतं. लोहामुळे लालसर झालेली धूळ ऊन शोषून हवा तापवते, फिकट धूळ ऊन परत फेकते. हवामानाच्या गणितात हा फरक लहान नाही.

आभाळवेडा यांच्या मूळ लेखाला एक पुरवणी. १०.८ वजा १२ ही युक्ती बाष्प जास्त असलेल्या हवेत कमजोर पडते. बाष्प आकडा धन बाजूला ओढतं आणि धुळीची खूण पुसली जाते. जानेवारीत उत्तरेची हवा कोरडी म्हणून २०२२ ची धूळ छान दिसली. मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर तेवढीच धूळ आली, तर गुलाबी रंग फिका पडेल. तेव्हा अतिनील किरणांवर चालणारा शोषक एरोसोल निर्देशांक पाहावा, सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरच्या ट्रोपोमी उपकरणाचा. तो चकाकत्या वाळवंटावर आणि ढगांच्या वरही चालतो. फक्त तो धूरही पकडतो. पंजाबात भाताची धसकटं जळत असताना निर्देशांक वाढला म्हणून धूळ म्हणू नका. कणांचा आकार पाहा, धुळीचे मोठे असतात, धुराचे बारीक.

रानगवा

पटलं. जुना तळ आणि नवा तळ यातला फरक माझ्या डोक्यात नव्हता.

माणदेशी

आमच्याकडे मार्च-एप्रिलपासून वावटळी सुरू होतात, मे मध्ये पावसाआधी वारं सुटलं की समोरचं माणूस दिसत नाही. रान नांगरून मोकळं पडलेलं असतं. ही आमची धूळ उपग्रहाला दिसते का? आणि कुणी म्हणतं की अरबस्तानातल्या धुळीने आपला पाऊस बदलतो, त्यात तथ्य आहे का?

दूरसंवेदी

वावटळ दिसणार नाही. ती काही मीटर रुंद, काही मिनिटांची. भूस्थिर (पृथ्वीवरच्या एकाच जागेवर स्थिर दिसणाऱ्या, मेटिओसॅट-इन्सॅटसारख्या) उपग्रहाचा एक ठिपका अवरक्त किरणांत तीन-चार किलोमीटरचा असतो.

वळवाच्या आधीचं वादळही बहुतेक वेळा निसटतं, कारण वेगळं आहे. ते गडगडाटी ढगातून खाली कोसळलेल्या गार हवेमुळे उठतं, आणि ढगाचं पसरलेलं छप्पर वरून सगळं झाकून टाकतं. मे २०१८ मध्ये राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशाच वादळांनी शंभराहून अधिक बळी घेतले. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचा लोट आला आणि घाटकोपरला जाहिरातीचा फलक कोसळला, तोही याच प्रकारचा वारा. अशा वेळी डॉप्लर रडार कामाचं, कारण ते ढगाखालच्या वाऱ्याची कड पकडतं. उपग्रहावर विसंबून इशारा द्यायचा म्हटलं तर उशीर होईल.

पण तुमच्या भागासाठी उपग्रह दुसऱ्या तऱ्हेने उपयोगी आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचं चित्र १० मीटरच्या बारकाव्याचं, साधारण पाच दिवसांनी एक. त्यावरून कुठलं रान कुठल्या महिन्यात उघडं आहे आणि कुठे धसकटं किंवा गवत राखलंय, हे गावाच्या नकाशावर काढता येतं. मोसमी वारा सुटायच्या आधी कुठली माती उडायला मोकळी आहे, याचा तो नकाशा होईल. बांधावरच्या झाडांची ओळ वाऱ्याच्या आड येते का, हेही त्यावर बघता येईल.

पावसाबद्दल म्हणाल, तर त्यात तथ्य आहे. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली उपग्रहाच्या नोंदी आणि हवामानाचं प्रारूप वापरून दाखवलं, की अरबी समुद्र आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की ती ऊन शोषून हवा तापवते, समुद्रावरून बाष्प जास्त ओढलं जातं आणि साधारण आठवड्याभराच्या आत मध्य भारतात पाऊस वाढतो. हा काही दिवसांच्या चढउताराचा संबंध आहे. सबंध मोसम कसा जाईल याचं भाकीत त्यातून काढू नये.

माणदेशी

उघड्या रानाचा नकाशा करायचा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गिरीभ्रमर

हिमाचलात उन्हाळ्यात जुन्या बर्फावर पिवळसर थर दिसतो, तो पश्चिमेकडून आलेल्या धुळीचा का?

दूरसंवेदी

बराचसा तोच. काजळीची चर्चा जास्त होते, पण चंदन सारंगी आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात असं निघालं, की साधारण साडेचार हजार मीटरच्या वर बर्फ काळवंडवण्यात धुळीचा वाटा काजळीपेक्षा मोठा आहे. काळवंडलेला बर्फ ऊन शोषतो आणि लवकर वितळतो.

आभाळवेडा

सुरंगीताई, मूळ प्रश्नाकडे येतो. हवेतली धूळ हरितद्रव्याचं चित्र बिघडवते, आणि वारा एकाच वेळी धूळही आणतो, समुद्रही घुसळतो. मग २०२२ च्या जानेवारीसारखी एखादी घटना अभ्यासायची तर भरवसा कशावर ठेवायचा?

सुरंगी

पाण्यात असलेल्या उपकरणांवर. अरबी समुद्रात आर्गो तरंगक सोडलेले आहेत. ते खाली जातात, वर येतात आणि वर येताना तापमान, क्षारता मोजतात. त्यातल्या काहींवर हरितद्रव्य आणि ऑक्सिजन मोजणारी साधनंही आहेत. ती पाण्याखाली मोजतात, त्यांना हवेतल्या धुळीने फरक पडत नाही. तापमानाच्या नोंदीवरून समुद्र किती खोल घुसळला गेला हेही कळतं. म्हणजे वरून उपग्रहाने धुळीचा मार्ग दाखवायचा, त्या मार्गाखाली सापडलेला तरंगक शोधायचा, आणि शेजारी त्याच वाऱ्यात पण धुळीबाहेर असलेल्या दुसऱ्या तरंगकाशी तुलना करायची. इन्कॉइसकडे या नोंदी आहेत आणि त्या खुल्या आहेत. हवेच्या बाजूने पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या एरोनेट या जागतिक एरोसोल-मापन जाळ्याच्या केंद्राची नोंद घ्यावी. तिथला सूर्यमापक धुळीची दाटी आणि कणांचा आकार दोन्ही देतो.

किनाऱ्याजवळ मात्र तरंगक नसतात. तिथे आपल्याकडे नोंदी फार तुरळक आहेत.

देवगडचा_तांडेल

किनाऱ्याजवळ आम्ही असतो. हंगामात जवळजवळ रोज. काय लिहून ठेवायचं ते सांगा, होडीवर वही ठेवतो.

सुरंगी

दादा, हे झालं तर फार मोलाचं होईल. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला एक तबकडी करून घ्या, ३० सेंटिमीटर व्यासाची, पांढऱ्या रंगाची, मधोमध भोक. खाली वजन बांधा म्हणजे सरळ जाईल. दोरीवर दर अर्ध्या मीटरला न पुसणारी खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, होडीच्या सावलीच्या बाजूने, काळा चष्मा न लावता ती सोडा. दिसेनाशी झाली की खोली वाचा, मग वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली वाचा, दोन्ही लिहा. सोबत तारीख, वेळ, जीपीएसवरची जागा, वारा कुठला, पाण्याचा रंग, आणि क्षितिज स्वच्छ की धुरकट. जेलीफिश आल्या तर तेही. उथळ पाण्यात तळाचा गाळ ढवळलेला असतो, म्हणून शक्य तर २० मीटरपेक्षा खोल पाण्यात करा. नोव्हेंबर ते मार्च सलग नोंदी झाल्या, तर वादळाआधीचे आणि नंतरचे दिवस आपोआप हाती येतील.

देवगडचा_तांडेल

पत्र्याची तबकडी गावातला वेल्डर करून देईल. शेजारच्या दोन होड्यांनाही सांगतो.

आभाळवेडा

नोव्हेंबरपासून मी रोजची गुलाबी चित्रं उतरवून ठेवतो. धुळीचा पट्टा दक्षिणेकडे वळताना दिसला की इथेच आगाऊ लिहीन, म्हणजे त्या आठवड्यात एकही दिवस सुटायला नको.